जेवणाची हजेरी

पहिला घास घेण्याआधी बहेनजी वाढलेल्या ताटावर उजवा तळहात उपडा धरीत आणि डोळे मिटत. नवख्याला वाटे, नैवेद्य दाखवताहेत. प्रत्यक्षात त्या मागचं जेवण आठवत असत. काय होतं, किती होतं, कुठे बसून खाल्लं, समोर कोण होतं आणि उठताना पोट काय म्हणत होतं. ही पाच उत्तरं मनाशी जुळली की हात उचलायचा. एखादं जुळलं नाही तर ताट निवलं तरी चालेल. आमच्या गल्लीतल्या एका लग्नात वाढपी दुसऱ्यांदा बुंदी घेऊन आला तरी त्यांचा हात ताटावरच होता.

"बहेनजी, काही कमी हाय काय?" त्यानं घाबरून विचारलं.

"थांब रे," डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "सकाळच्या पोह्यात शेंगदाणे होते का नव्हते, तेवढं पाहून राहिली."

मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरला मराठी घरांतही शाळेतल्या शिक्षिकेला बहेनजीच म्हणतात. निवृत्त झाल्यावर बाकीच्यांच्या मागचं हे बिरुद हळूहळू गळून पडलं. यांच्या मागचं राहिलं, कारण यांची शाळा कधी सुटलीच नाही. प्राथमिक शाळेत असताना हजेरी घेण्याची त्यांची स्वतःची रीत होती. नाव पुकारलं की मुलानं "हजर" म्हणायचं नाही, काल रात्री काय खाल्लं ते सांगायचं. "वरण-भात." "पोळी न् पिठलं." "भात न् भात." अशी साऱ्या वर्गाची हजेरी व्हायची. एखादं मूल नुसतं "हजर" म्हणालं, तर बहेनजी पुढचं नाव घेत. मात्र त्या मुलाला थोड्या वेळानं काहीतरी निरोप देऊन स्वतःच्या घरी पाठवत आणि ते तोंड पुसत परत येई. निवृत्तीनंतर हीच हजेरी त्यांनी गल्लीतल्या वजनदार बायकांसाठी सुरू केली. उपाशी मुलं शोधण्याचं साधन जास्त खाणाऱ्या बायकांवर चालवणं हे शास्त्रीय दृष्ट्या कसं समर्थनीय ठरतं, असा प्रश्न त्यांना कधी पडला नसावा.

तो मला पडे. मला त्यांचा हेवा वाटत असे. या शब्दाच्या जागी मी कुतूहल, मतभेद, व्यावसायिक स्पर्धा असे बरेच शब्द लावून पाहिले. एकही बसला नाही.

मी पोषणशास्त्रात नागपूरहून प्रथम श्रेणीत पदव्युत्तर पदवी घेतली होती. पांढुर्ण्याच्या एका खाजगी दवाखान्यात आहारसल्ल्याचा विभाग एकटीनं उभा केला होता आणि सौंसर ते पांढुर्णा रोज बसनं जाऊन येऊन सांभाळत होते. माझ्याकडे उष्मांकांचे तक्ते होते, ग्रॅमपर्यंत अचूक काटा होता, आणि प्रत्येक घास नोंदवणारं मोबाइलवरचं अ‍ॅप होतं. त्यात दिवसाची मर्यादा ओलांडली की पडदा लाल होई. पुढे संशोधनाला प्रवेश घ्यायचा, तर हाताशी नोंदींचा भक्कम संच हवा, म्हणून मी रुग्ण काळजीपूर्वक निवडत होते. त्यातल्या सौंसरच्या तिघी एका महिन्यात गळाल्या. तिघीही बहेनजींच्या वरांड्यात गेल्या. त्यांपैकी एकीला मी रस्त्यात गाठून कारण विचारलं. ती मोकळेपणानं म्हणाली, "राग नका मानू मॅडम. तुमच्या मोबाइलले खरं सांगतलं का थो लाल होते. बहेनजी लाल नाई होत."

तिघींचं मी सोसलं असतं. माझ्या नोंदवहीतली पहिली रुग्ण माझी आई होती.

आईचे दोन्ही गुडघे गेले होते. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मी सकाळी निघाले की ती भिंती धरून घरात वावरे. बाथरूमची एक पायरी चढायला तिला देवाचं नाव दोनदा घ्यावं लागे. नागपूरच्या सर्जननं शस्त्रक्रियेची तयारी दाखवली, पण अट घातली की वजन शहाऐंशीवरून शहात्तरवर आणा, मग या. दहा किलो. मी मनात म्हटलं, हे तर माझंच काम.

मी तिच्यासाठी आहार आखला, पोळ्या मोजून दिल्या, रोज रात्री तिला विचारून अ‍ॅप भरलं. आकडे निर्दोष होते. त्या आकड्यांप्रमाणे तिचं वजन आठवड्याला अर्धा किलो उतरायला हवं होतं. घरच्या काट्यावर तीन महिन्यांत ते तीन किलो उतरलं, पण तिच्या परकराची नाडी होती तिथेच बांधली जात होती. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सौंसर तहसिलीत लागू नाही असं मानणं मला शक्य नव्हतं. म्हणजे आई खोटं बोलत होती, हा एकच निष्कर्ष उरत होता. मी तो तिला ऐकवला. ती म्हणाली, "मी कायले खोटं बोलू व? तूच तर भरून राहिली सारं."

दिवाळीच्या आधी एकदा मी लवकर घरी आले, तर दाराला कुलूप. शेजारची काकू अंगणातून म्हणाली, "तुही आई हजेरीले गेली नं. तुले मालूम नाई? महिना झाला."

मला आई संध्याकाळी देवळात जाते एवढंच ठाऊक होतं.

बहेनजींचं घर आमच्यापासून चौथं. मी फाटकाशी थांबले. वरांड्यात आठजणी सतरंजीवर बसल्या होत्या. आईला गुडघ्यांमुळे तेवढी खुर्ची होती. तिची पाठ माझ्याकडे होती, बहेनजींचं तोंड. त्यांनी मला पाहिलं. चेहऱ्यावरची रेषही हलू न देता त्या म्हणाल्या, "नंबर चार."

"हाव," आई म्हणाली. "काल हजेरी झाल्यावर घरी गेली. पोरगी सातले आली. थे हातपाय धुवाले गेली..."

"मग?"

"मग डबा."

"मग?"

"तिचा डबा, बहेनजी. तसाच वापस येते रोज. तीन पोळ्या, भाजी, कधी भात. फेकवत नाई. थे धुऊन येईपर्यंत ओट्यापाशी उभ्यानं खाऊन घेतो. मंग तिच्यासंगं जेवाले बसतो. दोन पोळ्या, वांग्याची भाजी. तिसरी नाई घेतली, कारण का थे मोबाइल घेऊन समोरच बसली होती."

कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "मग सांगत कावून नाई तिले?"

"हजेरीत सवाल नाई," बहेनजींनी तिला दटावलं. पण आईनं उत्तर दिलंच.

"कायले सांगू? दिवसभर स्वतः उपाशी राहून लोकाइले कसं खावं ते शिकवते थे. अजून हे सांगून तिचं मन कायले मोडू?"

"मग?" बहेनजी म्हणाल्या. त्या एका शब्दात शाबासकी नव्हती, कीव नव्हती, धक्का नव्हता. पुढचं पान उलटावं तसा तो शब्द होता. "मग सकाळी?"

मी फाटकाला हात न लावता परत फिरले.

माझी प्रतिक्रिया मी त्याच संध्याकाळी तपासून पाहिली. पहिल्यांदा आला तो वैज्ञानिकाचा संताप. माझ्या नोंदीत नसलेला एक घटक रोज संध्याकाळी माझ्याच पिशवीतून घरात येत होता. तो संताप शमल्यावर खाली जे उरलं ते जास्त टोचणारं होतं. मी तिला रोज विचारत होते, तक्त्यानं, काट्यानं, पडद्यानं. त्या बाईनं नुसतं दोन अक्षरी "मग?" विचारलं आणि माझ्या आईनं तिला माझा डबा उघडून दाखवला. मला देवळाची थाप, तिला खरं.

डबा का परत येई, तेही लिहायला हवं. दुपारी रुग्णांची रांग असे आणि सल्ला देताना तोंड हलवणं मला बरं दिसत नसे. चार वाजता भूक अंगावर येई. मग बसस्टँडवर दोन आलूबोंडे, उभ्यानं, एका हातात फोन धरून. ते मी कुठेच नोंदवत नव्हते. मी रुग्ण नव्हते.

बहेनजींचा उभ्यानं खाण्यावर भलता राग. पापपुण्याचा नव्हे, हिशेबाचा. "उभ्यानं खाल्लेलं आठवणीत बसत नाई," त्या म्हणत, "कारण आपुनच बसलो नाई." म्हणून जुन्या लुगड्यांचं शिवलेलं एक बस्कर त्यांच्या झोळ्यात कायम असे. सौंसरच्या स्टँडवर, ऐन गर्दीत, बस्कर अंथरून मांडी घालून एकच केळं खाताना त्यांना मी स्वतः पाहिलं आहे. कंडक्टर घंटी मारी, ड्रायव्हर हॉर्न देई. त्या केळं संपवून, साल घडी करून, बस्कर झटकूनच उठत. बस थांबे. बहुतेक ड्रायव्हर त्यांचे विद्यार्थी होते. टीव्ही लावून जेवणाऱ्यांच्या घरी त्या जेवत नसत: आठवणीची जागा नटी घेऊन बसते, मग पोट पुन्हा मागते. मागचं जेवण स्पष्ट आठवलं की पुढचं आवरतं, ही गोष्ट आमच्या शास्त्रालाही परकी नाही. फरक एवढाच, की मी ती वाचली होती.

दर दुसऱ्या रविवारी हजेरीच्या बायका संत्र्याच्या आडतीवर जात. तिथला मोठा काटा त्यांचा काटा. बहेनजींचं म्हणणं, घरचा काटा घरच्यासारखाच वागतो. हजेरीचं शेजारच्या काकूकडून कळलं, एवढंच आईला सांगून मी तिला सोडायला म्हणून गेले. खरं तर पाहायला. आडतीवर कॅरेटं चढत-उतरत होती, संत्र्याच्या सालीचा वास नाकात बसत होता, आणि मधूनच हमाल थांबून एकेकीला काट्यावर घेत होते. आई चढली आणि सवयीनं तिनं शेजारच्या खांबाला हात लावला.

"काकू, हात सोडा नं!" हमाल ओरडला. "कॅरेट का खांबाले धरते?"

बायका खो खो हसल्या. आईसुद्धा. तिनं हात सोडला आणि हमालानं संत्र्यांसाठी लावतो तोच सूर लावून पुकारलं, "सत्याऐंशीऽऽ!"

घरच्या काट्यावर आदल्या दिवशी त्र्याऐंशी होते. घरचा काटा मी फ्रिजशेजारी ठेवला होता. तीन महिने माझ्या आईचा एक हात फ्रिजच्या मुठीवर होता आणि मी दशांश टिपत खाली पाहत होते.

सोमवारपासून मी डबा रिकामा करू लागले. खाऊन नव्हे. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एक तांबडी गाय उभी असे; तिला पोळ्या, भाजी, भात, सगळं. मग डबा नळाखाली विसळून पिशवीत. आईला सांगायचं नाही, तिनं काही सोडायचं नाही; कारणच काढून घ्यायचं. हा उपाय मला अचूक आणि देखणा वाटला. पहिल्या संध्याकाळी तिनं रिकामा डबा पाहिला, आत बोट फिरवलं आणि म्हणाली, "जेवली का आज? बरं झालं व." तिचा चेहरा इतका उजळला, की मला क्षणभर मी खरोखरच जेवले असं वाटलं.

वजन उतरू लागलं. पंच्याऐंशी, त्र्याऐंशी, संक्रांतीला ऐंशी. हमालाचा सूर तोच, आकडे वेगळे. मी वहीत गणित मांडलं. डब्यातले उष्मांक वजा केले तर जेवढं उतरायला हवं होतं, त्यापेक्षा ते बरंच जास्त उतरत होतं. आई आपणहून रात्रीचा भात सोडत होती, चहातली साखर अर्धी करत होती, कुणाच्या घरी प्रसादाला गेली तर हातात घेऊन घरी आणत होती आणि बसून खात होती. हा उरलेला भाग मी "इतर" या शीर्षकाखाली लिहिला. "इतर" म्हणजे बहेनजी. ते नाव लिहायला माझा हात झाला नाही.

तरीही संशोधनासाठी हजेरीच्या नोंदी मला हव्या होत्या. फेब्रुवारीत मी संमतीपत्र घेऊन त्यांना गाठलं, तेही स्टँडवरच, बस्करावर. मी उभी राहून बोलू लागले.

"बस," त्यांनी बस्कराचा कोपरा मोकळा केला. मी बसले. माणसं पायांजवळून जात होती. मी उद्देश सांगितला, पद्धत सांगितली, गोपनीयता सांगितली.

"लिही नं. माह्यं नाव तेवढं टाकू नको. काल दुपारी काय खाल्लं तू?"

"साधारण साडेपाचशे उष्मांक."

"किती ते नाई पुसलं पोरी. काय?"

मी आठवू लागले. आणि मला काहीच आठवेना. कालची दुपार, परवाची, त्याआधीची. सगळ्यांचं एकच पान, तेलकट कागदाचं.

"डबा," मी म्हणाले.

"रिकामा येते म्हणते आता तुही आई. खुश हाय." त्यांनी केळ्याची साल घडी केली. "कोन खाते?"

"मीच."

"मग?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. फाटकाशी पाहिला होता तोच चेहरा. त्या वाट पाहत होत्या; ताट निवेपर्यंत पाहू शकल्या असत्या. मला एवढंच कळलं की हे दार माझ्यासाठीही उघडं आहे, आणि त्याचाच मला राग आला. पांढुर्ण्याची बस लागली. मी उठले. संमतीपत्र त्यांच्याकडेच राहिलं. पुढे कळलं, त्याच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी हजेरीचे नंबर लिहिले होते.

आईला माझ्या डब्याविषयी त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला त्यांचा द्वेष करता आला असता.

एप्रिलच्या शेवटी शाळांचे निकाल लागले त्याच दिवशी बहेनजींनी हजेरीचा निकाल लावला. हे कुणालाच अपेक्षित नव्हतं. एकेक नंबर पुकारून त्या "पास" म्हणत गेल्या. नंबर सातला म्हणाल्या, "अजून एक वर्ष," तर ती आनंदानं रडायलाच लागली. नंबर चार पास झाली. आदल्या रविवारी आडतीवर हमालानं "शहात्तरऽऽ" पुकारलं होतं, पण बहेनजींची कसोटी काटा नव्हती. आईनं घरी येऊन सांगितली ती, बहेनजींच्याच शब्दांत, अशी: जिचं सांगताना माझ्या तोंडाकडे पाहणं संपलं, ती पास.

माझ्याकडची एकही रुग्ण कधी पास झाली नव्हती. त्या फक्त सल्ल्याचं नूतनीकरण करत.

बहेनजी मे महिन्यात भाचीकडे बैतूलला गेल्या, नंबर सातला फोनवर हजेरी लावून. अजून तिथेच आहेत. ज्याच्याशी स्पर्धा करायची तो माणूसच मैदानातून निघून गेला, तरी मत्सर कमी झाला नाही. उलट त्याला जागा मिळाली. मला वाटलं, आता ती जागा माझी. आता आई मला सांगेल.

शस्त्रक्रियेसाठी नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी मी थोडी लवकर घरी आले. बाहेर अजून ऊन होतं. पिशव्या भरून दाराशी ठेवल्या होत्या. आईनं दोघींची ताटं वाढली. मी फोन पालथा ठेवला आणि मुद्दाम काही विचारलं नाही. तिनं ताटावर तळहात उपडा धरला, डोळे मिटले.

"मोठ्यानं सांग नं," मी म्हणाले.

"तुले कायले?" डोळे मिटूनच ती हसली. "मले आठवते."

तिच्या आवाजात दुखवण्याचा लवलेश नव्हता. म्हणूनच ते लागलं. तिला आता कुणाचीच गरज नव्हती. त्यांची नाही, आणि माझी तर कधी नव्हतीच. एवढं काम त्या बाईनं केलं होतं आणि वर त्यातून स्वतःला काढूनही घेतलं होतं.

मग आईनं डोळे उघडले. हात तसाच ठेवून तिनं विचारलं, "तू काय जेवली दुपारी?"

"डबा."

"भाजी कशी होती?"

"छान होती."

"आज भाजी नव्हती देल्ली," आई म्हणाली. "सामान बांधाबांधीत राहूनच गेली. पोळ्या न् गुळाचा खडा होता."

आत्तापर्यंत किती जणींनी माझ्यासमोर बसून असंच "छान" म्हटलं असेल, आणि मी तो शब्द उष्मांकांत बदलून घेतला असेल, ते मोजण्याचा मी प्रयत्न केला नाही. मी फक्त तिच्या तोंडाकडे पाहत होते. ते लाल होण्याची वाट पाहत होते.

झालं नाही. रेषही हलली नाही.

"मग?" आई म्हणाली.

"दोन आलूबोंडे," मी म्हणाले. "स्टँडवर. उभ्यानं. समोर कोण होतं ते आठवत नाही." आणि मग, "डबा गाय खाते. नोव्हेंबरपासून."

"मग?"

मी सांगत राहिले. तिच्या ताटातलं वरण निवत चाललं होतं. तिनं हात उचलला नाही.